पेज जेवलो रे?

मास्तर, तुम्ही मला शाळेत मराठी शिकवलंत, आणि शाळा सुटल्यावर साखळीच्या तुमच्या घरी सोप्यावर बसवून झेन गुरूंची कोडी. "यांना उत्तर नसतं रे, नुसती चघळायची," म्हणायचात. एक तुमचं फार लाडकं. नवा शिष्य गुरूला म्हणतो, मला काहीतरी शिकवा. गुरू विचारतो, पेज जेवलास? जेवलो. मग वाटी धुऊन ठेव. संपलं! "बघ, ते भिक्षूसुद्धा आपल्यासारखे पेजवाले," म्हणून पोट धरून हसायचात. मला काडीचं कळत नसे, पण मान डोलवायचो.

मग घटक राज्याच्या आधीचे ते 'राजभाषा मराठी की कोकणी' या वादाचे दिवस. मी सुर्ल्याच्या खाणीवर कारकून, डोक्यात मराठीचा झेंडा. सभेत तुम्ही बोलावं म्हणून सांगायला भर उन्हात आलो, तर तुम्ही काकींशी कोकणीत गप्पा मारताय. माझं टाळकंच सटकलं. "तुमची भाषा नक्की कुठली, ते आज सांगाच!" मी ओरडलो. तुम्ही वर बघितलंत आणि शांतपणे विचारलंत, "पेज जेवलो रे?" वाटलं, माझी टर उडवताय, तीही कोकणीत. आपल्याकडे निघताना माणूस 'येतां' म्हणतो. 'जातो' म्हणजे कायमचं. मी 'जातो' म्हटलं. मुद्दाम, शुद्ध मराठीत. "अरे, येतां म्हण!" काकी मागून ओरडल्या. मी वळलो नाही, आणि पुन्हा आलोही नाही.

इतकी वर्षं तेच चघळतोय. तुम्ही उत्तर दिलंत, की टाळलंत? बायको गेली, मुलगा लंडनला, खाण बंद. डिचोलीच्या या घरात सकाळी मी एकटा पेज जेवतो, वाटी धुतो, पालथी घालतो, आणि पुढे दिवस सरता सरत नाही. परवा वाटी धुताना लख्ख कळलं. कोडंबिडं काही नव्हतं हो. उन्हातून आलेलं पोर उपाशी दिसलं, म्हणून विचारलंत. तुमची भाषा कुठली, तेही त्यातच सांगून झालं होतं. आता मला कोणी विचारत नाही, कुठल्याच भाषेत. फार एकटं वाटतं, मास्तर.

हे पत्र ट्रंकेतच राहील. पण एक सांगायचंय. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, असं मी काकींना लिहिलं होतं. खोटं. त्याच सकाळी डिचोलीच्या बसस्टँडवर कळलं. साखळीची बस समोर उभी होती, अर्धी रिकामी. ती सुटेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.