सत्यवतीला मखरात बसवू नकोस

धरमपेठ, नागपूर
ता. ३ डिसेंबर १९४१

प्रिय माय,

हे पत्र भैयाजी तुला वाचून दाखवेल. मध्येच लाजून थांबला तर त्याला म्हणावं, पुढे वाच. बहिणीचं आहे, परक्याचं नाही. शेजारच्या पंचफुलाबाईच्या सत्यवतीला रविवारी मखरात बसवणार आणि मग सासरी धाडणार, हे त्यानेच कळवलं. पोर पंधराची, दिसते दहाची, मान आखूड, न्हाण आलेलंच नाही. तरी हिरवं लुगडं आणि ओटी! ही अक्कल कुणाची, ते मला विचारायची गरज नाही.

माझ्या वेळी तू हेच केलंस. गल्लीतल्या बायका माझी ओटी भरत होत्या आणि लुगड्यावरचा डाग तू किनारीच्या सुताच्या लाल रंगाने पाडला होतास. "कोणाले सांगशीन तं पाय तोडीन," असं बजावून मला सासरी धाडलंस. अगं, कोष्ट्यांच्याच घरात ही फसवणूक! सासूने ते लुगडं तीनदा धुतलं, उजेडात धरलं आणि शांतपणे म्हणाली, "हा तं सुताचा रंग होय." पुढची चार वर्षं मी तिथे मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. नवऱ्याने दुसरी केली. तिच्या बाळाला हात लावला की ते माझ्याकडून ओढून घेत. शेवटी तुझ्याकडे परतले, तेव्हा तूही दार अर्धंच उघडलंस. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी ज्यांच्या हाताखाली नर्स आहे त्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी माझी मान, बाहेर वळलेली कोपरं, उंची पाहिली आणि एक विलायती लेख समजावून सांगितला. हजारो मुलींत एखादी अशी जन्मते. ते पोटातच ठरतं. शाप नाही, पाप नाही, तुझीही चूक नाही. न्हाण येत नाही, मूल होत नाही, काळीज तेवढं तपासून घ्यावं लागतं. ऐकून मी रडले नाही, चिडले. इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते.

परवानगी मागायला लिहीत नाही. शनिवारच्या मोटारीने मी उमरेडला येतेय. पंचफुलाबाईला समजावून सत्यवतीला डॉक्टरीणबाईंकडे आणणार आहे. मखर मोडलं तरी रविवारी बायकांना जमवणार आणि माझ्या अंगाची, माझ्या लग्नाची हकीकत माझ्याच तोंडाने सांगणार, कारण आणखी कुणाच्या घरी अशी पोर असेल. सत्यवतीचं नाव घेणार नाही. तू माझ्या शेजारी येऊन उभी राहा. नाही आलीस तरी मी बोलेन, पण मग तुझं नाव घेऊन बोलेन.

तुझ्याच पोटची,
देवकी