एका केबलीवर दोन टेबलं

सोम. १९ नोव्हेंबर २००७, देवास
रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी आठवड्यातले तीन दिवस रुग्णालयाच्या ऑफिसात फुकट राबते, हा माझा मूर्खपणा. आज नव्या फोनांचं उद्घाटन. कोणा देणगीदाराच्या पुण्यातल्या कंपनीने त्यांना नको झालेले वीस इंटरनेट-फोन पाठवलेत. सेक्रेटरी दिलीप, माझ्या मैत्रिणीचा मुलगा, चाळिशीत टक्कल आणि भाषणाची हौस. येईल त्याला सांगत होता की यांना भिंतीतला प्लग लागतच नाही, नेटवर्कच्या केबलीतूनच वीज येते. धारच्या शाखेशी हवं तेवढं बोला. नारळ फुटला. रिसीव्हर उचलला. चिडीचूप. वीसच्या वीस. पेढे मात्र वाटले.

बुध. २१
इंदूरहून इंजिनिअर. पाऊण तास उशीर, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. म्हणे हे फोन जुने आहेत, तेव्हा प्रत्येक कंपनीची केबलीतून वीज द्यायची रीत निराळी होती. आपला स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो डबा, नव्या रीतीचा. तो आधी फोनला विचारतो, वीज हवी का? फोनला प्रश्नच कळत नाही, तो गप्प. म्हणून डबाही हात आखडून. मी दिलीपला विचारलं, आणण्याआधी एक तरी लावून पाहिला होता का? "ताई, फुकटच्या वस्तूला काय तपासायचं?" आमच्या काँव्हेंट शाळेत सिस्टर फुकट वाटलेल्या पेन्सिलीसुद्धा आधी कागदावर ओढून बघायला लावत. जाऊ दे.

गुरु. २२
उपाय निघाला. दुसरा डबा, न विचारता वीज सोडणारा. केबलीत आठ तारा असतात. चारांतून बोलणं जाणार, उरलेल्या चारांतून वीज. वरच्या मजल्यावर फोन लागले. धारला, तिथल्या कॉम्प्युटरवर, आवाज अगदी स्पष्ट. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न, आमचे फोन कधी?
मग खाली नोंदणीच्या खिडकीवर लावला. फोन तसाच मुका, आणि शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून जळका वास. त्याचं नेटवर्कचं कार्ड गेलं. नेमावर-सतवासहून पहाटेची बस धरून आलेले पेशंट रांगेत ताटकळत, आणि आत चार पुरुष एकमेकांना डबे दाखवताहेत. बघवेना. घरी आले.

शनि. २४
कारण सापडलं. खालच्या मजल्यावर एका केबलीवर दोन टेबलं चालवली आहेत. चार तारा एका टेबलाला, उरलेल्या चार शेजारच्याला. म्हणजे फोनसाठी सोडलेली वीज सरळ शेजारच्या कॉम्प्युटरात. इंजिनिअर हसला. असं काम आजवर पाहिलं नव्हतं म्हणे.
दिलीपने तिथल्या तिथे भेरूलालला बोलावलं. भेरूलाल आमचा वायरमन, वीस वर्षं इथलीच कामं करतो. सगळ्यांसमोर: "भिया, तुमने तो अस्पताल ही फूँक दिया होता." गुरुवारी समितीपुढे विषय. भेरूलालला काढायचं, काम इंदूरच्या एजन्सीला. तो खिशातल्या टेस्टरवर हात ठेवून उभा. माझ्याकडे पाहिलं नाही.


रवि. २५
लिहून टाकते. ९८ साली ऑफिस सुपरिंटेंडंट मी होते. कॉम्प्युटर दोन आले, केबल एकापुरतीच. भेरूलाल म्हणाला आठांतल्या चारच तारा कामाला येतात. मी म्हटलं, मग बाकीच्या चार दुसऱ्या टेबलाला जोड, नवी केबल येणार नाही. लेखी मागितलं त्याने. दिलं. समास सोडून, सही-तारखेसह. आणि काल मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. पाच दिवस सगळ्यांची किळस करत होते...

सोम. २६
चिठ्ठी सापडली, कपाटातल्या जुन्या फाइलीत. भेरूलालला दाखवली, सांगितलं की गुरुवारी समितीपुढे ठेवते. वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल त्याला. तो भडकला. "मैडमजी, चार-चार तार का दिमाग मेरा था. आपने तो खाली दस्तखत किए." नऊ वर्षांत एकदा तरी लाइन बंद पडली का, म्हणाला. बाजारातल्या वायरमन लोकांना त्याने ती युक्ती शिकवलेली. आता समितीत निघणार की बाईने सांगितलं तसं केलं. मग तो कसला मिस्त्री? मी म्हटलं, काम जाईल. तर म्हणे, लोहारद्याला शेत आहे. शेत भावाचं आहे, आणि भाऊ त्याच्याशी बोलत नाही. हे त्यालाही ठाऊक, मलाही.

बुध. २८
संध्याकाळी दिलीप घरी. आईने पाठवलेले अनारसे घेऊन. चिठ्ठीचं सांगितलं. त्याने अनारशाचा डबा माझ्याकडे सरकवला. "ताई, ती राहू द्या फाइलीत. एजन्सीशी बोलणं झालंय. संस्थेत तुमचा मान आहे, उगाच कशाला." मध घातलेला आवाज. म्हणजे माझा मान भेरूलालच्या पोटावर पाय देऊन. अनारसे परत दिले. त्याच्या आईने काही केलं नव्हतं बिचारीने, तरी दिले.

गुरु. २९
चिठ्ठी टेबलावर ठेवली. म्हटलं: हुकूम माझा, युक्ती आणि हात भेरूलालचे, नऊ वर्षं चाललं. फोन न तपासता आणायची अक्कल मात्र आम्हा दोघांपैकी कोणाची नाही. दिलीप छताकडे. अध्यक्षांनी चष्मा लावून वाचली, पुढे सरकवली. चहा आला. निर्णय सोमवारी.
बाहेर आले तर नोंदणीच्या खिडकीशी भेरूलाल शिडीवर. दुसऱ्या टेबलासाठी वेगळी केबल ओढत होता. कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, सोमवारपर्यंत थांबायचं. म्हणाला, आठवडा झाला, नोंदणीचे परचे हातानेच लिहिताहेत, लोक उभे असतात. मग वरूनच, "बोल दिया?"
"बोल दिया. तरकीब तुम्हारी थी, वो भी."
त्याने केबलीचं टोक खाली सोडलं. "पकड़ो. खींचना मत."
धरून उभी राहिले. छताची वर्षानुवर्षांची धूळ सगळी माझ्या पातळावर. अजून एक टेबल बाकी आहे, शनिवारी या म्हणालाय.