व्हिएतनामचं प्लायवूड आणि माझी पीएच.डी.

३ मार्च, सोमवार
आजपासून पहाटे पाचला उठणे. विषय: लाकडी बोर्डांची निर्यात, व्हिएतनाम आणि युरोपीय संघ यांची तुलना. चार वर्षं झाली, आता सोक्षमोक्ष. मेमध्ये विद्यापीठाच्या कमिटीपुढे शेवटचं प्रेझेंटेशन. पास झालो की डॉक्टर, आणि कॉलेजात तासिकेवरून कायम व्हायचा रस्ता मोकळा. नाही झालो तर बायको, सविता, पारनेरला बदली घेणार. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. पारनेर तिचं माहेर, पण माझ्या अभ्यासापायी दरवेळी बदली सोडून सोनईतच थांबते. या वेळी शेवटचं, असं शांतपणे म्हणाली. म्हणजे विश्वास आहे.

४ मार्च
उठलो तेव्हा पावणेआठ. अलार्म वाजला नसावा.

११ मार्च, दुपार
व्हिएतनामचे आकडे घनमीटरमध्ये, युरोपचे टनांत. जगात सरळ कोणी वागतच नाही. त्यात लाईट गेली. आली तोवर माझा मूड गेला.

२० मार्च
घरमालकीण बायडाबाई वर आल्या. सर, तुमी लई दिस घरीच हाय, बरं न्हाई का, म्हणाल्या. संशोधन चालू आहे म्हटलं. कशाचं? प्लायवूडचं. मग आमच्या कपाटाचं दार फुगलंय, तेवढं बघता का, म्हणाल्या. मी निर्यातीतला माणूस आहे, हे यांना कोण सांगणार? डोकं फिरलं. दिवस वाया.

२ एप्रिल
सविताने विचारलं, किती पानं झाली. पानं मोजून संशोधन होत नसतं, असं ठणकावलं. ती पोरीचा गृहपाठ घेत होती, घेत राहिली. (अकरा झालीत. त्यात मुखपृष्ठ आणि ऋणनिर्देश धरून.)

१९ एप्रिल
ब्रेकथ्रू. युरोपीय संघातल्या एकेका देशाची निर्यात काढली आणि सरळ बेरीज मारली. युरोपपुढे व्हिएतनाम कुठल्या कुठे मागे. इतका मोठा फरक आजवर कोणाच्याच कसा लक्षात आला नाही? गाईडसरांना फोन केला. बेरीज जास्त वाटते, त्यांची आपसातली विक्री त्यात शिरली नाही ना ते बघा, म्हणाले. वय झालं की माणसाला मोठा आकडा सोसत नाही.

२ मे
पॉवरपॉइंटचा रंग ठरत नाही. लाकडी की निळा? सविता म्हणाली, कुठलाही ठेवा, पण आज ठेवा. घरातूनच असा विरोध.

१२ मे, संध्याकाळ
प्रेझेंटेशन जबरदस्त. कमिटीतल्या एका मॅडमनी विचारलं, जर्मनीतून फ्रान्सला गेलेला माल यात धरलाय का. छातीठोकपणे सांगितलं, अर्थात, एकही बोर्ड सोडलेला नाही. मग त्यांनी विचारलं, सोनईचा बोर्ड पारनेरला गेला तर त्याला भारताची निर्यात म्हणाल का. बाईंना आपल्या भागाची माहिती दिसते. म्हटलं, नाही मॅडम, तो आपल्याच देशात राहिला. गाईडसरांनी चष्मा काढून डोळे चोळले. भरून आलं असावं. येताना पेढे घेतले.

१५ मे
गाईडसरांचा फोन. नामंजूर. युरोपातल्या देशांनी एकमेकांना विकलेला माल मी युरोपची निर्यात म्हणून धरला. तो वजा केला तर निष्कर्षच उरत नाही. मुदतवाढ संपलेली. हे वेळेवर कोणी सांगायला नको का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. एप्रिलमध्ये मीच सांगितलं होतं, म्हणाले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पेढे बायडाबाईंकडे देऊन झाले होते.

१७ मे
सविताला सांगितलं. रडेल वाटलं होतं. तिने कुकर लावला आणि म्हणाली, पारनेरचा अर्ज मी तुमच्या प्रेझेंटेशनच्या आधीच भरलाय, ऑर्डरही आली. इतकाही भरवसा नव्हता का, असं विचारलं. होता, म्हणून चार वर्षं काढली, म्हणाली.

१९ मे
माझीही सोय झाली. सविताचा भाऊ आदिनाथ याच्या ओळखीच्या, पारनेरमधल्या प्लायवूडच्या दुकानात माणूस हवाय. आमचे हे त्या विषयातले जाणकार आहेत, असं सविताने फोनवर सांगितलं. खरं म्हणजे बरं वाटलं. मालकाने एकच अट घातली म्हणे: हाताने बघून प्लाय कुठलं, भुसा दाबून केलेलं एमडीएफ कुठलं, ते सांगता आलं पाहिजे. सविताने हो म्हणून टाकलंय.

संध्याकाळी बायडाबाईंकडे जाऊन विचारलं, ते फुगलेलं दार जरा बघू का.