दोन बोटं

दादा,

"क्लबात दाजींचा सत्कार करू, स्टेजवर ढाल देऊ," असं तू काल फोनवर म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. हे पत्र मी टाकणार नाही. तुझा चष्मा कधी जागेवर नसतो, तू ते आईलाच वाचायला लावशील.

बॉक्सिंगच्या मॅचमध्ये ठोसा खाऊन हे आडवे झाले की ह्यांचा कोच म्हणून तू ह्यांच्यासमोर बोटं धरायचास आणि पंचांना ऐकू जाईल असं विचारायचास, "किती?" हे म्हणायचे, "दोन." की पुन्हा मार खायला मोकळे! तू कायम दोनच बोटं दाखवायचास, हे ह्यांनीच मला लग्नानंतर हसत सांगितलं. "डोळ्यांपुढे अंधारी असली तरी उत्तर पाठ. तुझा दादा भारी डोकेबाज!"

आता हे बूट फ्रिजमध्ये ठेवतात. मी अंगाला हात लावला की मूठ वळतात. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या मारानं मेंदू झिजत चाललाय, ती झीज भरून निघायची नाही. मग त्यांनी ह्यांना विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"दोन," हे झटकन म्हणाले आणि शाबासकीसाठी मान वळवून तुला शोधू लागले.

आमची एकुलती एक पोर ह्यांचा हात धरून शेजारीच बसली होती.

ढाल तुझ्याकडेच ठेव. आणि घरी येऊ नकोस. तू दिसलास की हे अजूनही उठून उभे राहतील.

नाइलाजानं तुझीच,
धाकटी