लॅमिनेट केलेला हुकूम

बाबा, आज शाळेच्या बससाठी ड्रायव्हर निवडायचा होता आणि ते काम माझ्याकडे होतं. करजणहून एक जण आला. लायसन्स चोख, सवारी गाडी चालवायचा बिल्ला चालू, हायवेवरचा हात बसलेला. सगळं दाखवून झाल्यावर त्याने न विचारताच पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्याच्यावरची मारामारीची केस कोर्टाने काढून टाकल्याचा हुकूम होता तो. मला तुमच्या सायकलला अडकवलेली पिशवी आठवली.

तुमचा दोष एवढाच, की पाणीगेटच्या रिक्षास्टँडवर दोघांची जुंपली तेव्हा तुम्ही सोडवायला गेलात. आई त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणायची. तक्रारीत तुमचंही नाव आलं. कोर्टाने केस काढून टाकली त्या दिवशी तुम्ही पेढे आणलेत, आणि हुकूम फाटू नये म्हणून कौतुकाने लॅमिनेट करून घेतलात. मग सवारी गाडीच्या बिल्ल्यासाठी गेलात, तर पोलीस चौकशीत ‘नाव आहे’ असा शेरा. तो कागद पुढे केलात, तर कचेरीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, या प्लास्टिकवर शिक्का कुठे मारू? कळवू, म्हणाला. तुम्ही वाट बघत राहिलात. दुसऱ्यांच्या बस धुवायचात, संध्याकाळी प्रतापनगरच्या घरी ओल्या पायांनी यायचात आणि विचारायचात, “टपाल आलं का गं?” त्या खिडकीतल्या माणसाला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील.

आज खिडकीत मीच होते. नियम मला ठाऊक आहेत. सुटलेल्या केसमुळे त्याचा बिल्ला अडला नव्हता, मग नोकरी अडवणारी मी कोण? पण एखाद्या पालकाने विचारलं तर, एवढ्या एका धास्तीने हो म्हणायला माझी जीभ उचलेना. तो हळूच म्हणाला, “कोर्टे तो छोडी दीधो, बेन. हवे कोण छोडशे?” कोर्टाने सोडलं, आता कोण सोडणार, असं विचारत होता तो. मी म्हणाले, कळवू. तोच शब्द, बाबा. त्याने कागद रुमालाने पुसला, पिशवीत ठेवला आणि नमस्कार करून गेला. दुपारी मी ती जागा दुसऱ्याला दिली.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. रोज घरात शिरताना तुम्ही असायला हवे होतात असं वाटतं. आज कुलूप उघडताना, तुम्ही नाही याचं मला बरं वाटलं.