पहिला घास

४ जानेवारी १९३४
आज दोन बोकडं लागली. स्टेशनावर उतरलेला मुंबईचा व्यापारी म्हणाला, असला रस्सा गिरगावातही मिळत नाही. फुगलो. संस्थानच्या मुदपाकखान्यात सोळा वर्षं चूल फुंकली ती वाया नाही गेली. तिथला रिवाज खानावळीतही ठेवलाय. पातेलं उतरलं की पहिला घास सगळ्यांदेखत आचाऱ्याने घ्यायचा. विष नाही, हे महाराजांना दिसावं म्हणून. घास नाकारला तर अख्खं पातेलं मातीत. वाढायला मेहुणा दत्तू. चलाख आहे.

१९ जाने.
दत्तू चार दिवस नाही. ताप म्हणे. अनुसया भावाला बघून आली. "लई अशक्त झालाय." पेज पाठवली.

२ फेब्रुवारी
ताप कसला! मागच्या गल्लीत खानावळ थाटलीय. पाटी: 'राजवाड्याचे खास आचारी'. हा गडी राजवाड्याच्या फाटकापर्यंतही गेलेला नाही. जरीचा फेटा बांधून पहिला घासही घेतो म्हणे! माझी नेहमीची गिऱ्हाइकं तिकडे.

५ फेब्रु.
त्या गल्लीतून गेलो. वासानेच थबकलो. भाजलेलं कारळं. महाराजांच्या मसाल्यात ते पडतं, हे दत्तूला कधी कळू दिलं नव्हतं. मसाला घरी होतो. भाजतो मी, कांडते अनुसया. तिसरं कोणी नाही.

६ फेब्रु.
विचारलं. खाली बघून म्हणाली, "व्हय, मीच सांगितलं. धाकटा भाऊ हाय की माजा. त्याला बी पोरंबाळं हायती."
"आणि ताप?"
"ते बी खोटंच."
अकरा वर्षांचा संसार. दत्तूचा राग कुठल्या कुठे गेला. हिने असं करावं? जेवलो नाही.

८ फेब्रु.
दुपारी अनुसया दत्तूकडून ताट घेऊन आली. रस्सा, भाकरी. "पातेलं उतरलंय. पहिला घास दाजींचा, मगच वाढतो म्हणतोय."
तिकडे पंगत खोळंबलेली. नको म्हटलं तर त्याचं पातेलं मातीत, नावही. खाल्लं तर त्याची पाटी माझ्याच तोंडाने खरी. हात पुढे केला नाही.
तिने तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, माझ्याकडे बघत स्वतः खाल्ला. राजवाड्यात मी खायचो, तस्साच. मग ताट माझ्यापुढे सरकवलं.
तवंग गोठत आलाय. दत्तूचा माणूस निरोपासाठी दारात उभा आहे. लिहून होईस्तोवर थांब म्हटलंय त्याला.