तोटीचं पिंप

आबा,

आईला आणायला हॉस्पिटलात चाललोय, चारपर्यंत येतो.

ओट्यावर नवं पिंप आहे, त्याला खाली तोटी आहे. चाळीस वर्षं लोकांच्या घरी नळ बसवणाऱ्या प्लंबरला तोटी कशी फिरवायची हे नातवानं सांगावं, असे दिवस आलेत. पण घरात तुम्ही झाकण काढून पेला बुडवता, आणि पेलाही तोच, ज्यात तुमची कवळी झोपते. कवळीबद्दल मला आदरच आहे. तिनं फक्त पोहायला दुसरीकडे जावं.

पिंप साबणानं घासलंय. पाण्यात औषधाचे थेंब घातलेत, त्यांना साडेअकरापर्यंत काम करू द्या, मग प्या. पिंप उन्हात सरकवू नका. शेजारच्या काकू ‘बघू तरी’ म्हणाल्या, तर बाहेरूनच दाखवा. झाकण उघडायचं नाही.

काल काकूंसमोर मी म्हणालो, तुमच्या पेल्यामुळे आईला टायफॉइड झाला. आबा, आई आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात जुनं पिंप रात्रभर उघडं मीच टाकलं होतं. सकाळी त्यात झुरळ पोहत होतं. ते मी चमच्यानं काढलं, चमचा धुतला आणि पाणी तसंच ठेवलं. चमचा धुतला, हे विशेष. आज वाटेत आईला सांगणार आहे.

तुमचा पेला कालपासून कोरडा आहे, माझ्या लक्षात आलंय. तोटीखाली नवा ठेवलाय. साडेअकराला पहिलं पाणी तुम्हीच प्या. आई दारात चपला काढायच्या आधी ‘आबा पाणी प्यायले का’ हेच विचारणार, आणि एका दिवसात दोन कबुल्या मला झेपणार नाहीत.

तुमचा नातू